सुपारीच्या डबीतल्या सहा गोळ्या

प्रश्न : ताई, आम्ही लालबागला राहतो. माझ्या सासूबाई ६४ वर्षांच्या आहेत. खोकला जाता जात नव्हता म्हणून तपासण्या केल्या, तर फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. त्यांनी उभ्या जन्मात विडी-सिगारेट सोडाच, मशेरीसुद्धा लावली नाही. तुकडा काढून तपासल्यावर ‘ईजीएफआरमध्ये बदल आहे’ असं सांगितलं आणि एर्लोटिनिबची १५० मिलिग्रॅमची रोज एक गोळी सुरू झाली. दहाव्या दिवशी नाक, गाल, कपाळ, छाती आणि डोक्यातसुद्धा पुटकुळ्या उठल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या कांजिण्या. आत्याबाई म्हणतात, अंगातली उष्णता बाहेर पडतेय, पडू दे. कडुलिंबाचा पाला आणून झाला. भजनी मंडळात दोघीजणी लांब सरकून बसल्या, तेव्हापासून सासूबाई गुरुवारी जात नाहीत. परवा त्यांची सुपारीची डबी पुसायला घेतली, तर आत सहा गोळ्या. विचारलं तर म्हणाल्या, ‘असं तोंड घेऊन जगण्यापेक्षा…’ आणि गप्प झाल्या. हे लागण होणारं आहे का? माझा चार वर्षांचा मुलगा त्यांच्याजवळ झोपायचा, आठ दिवस झाले मी त्याला आमच्या खोलीत घेतलंय. गोळी बंद करायची का? नणंदेने ग्रोथ फॅक्टरचं सिरम पाठवलंय, ते लावू का? डॉक्टर रागावतील म्हणून सांगायची भीती वाटते. – एक सून, लालबाग

ताई,

आधी मुलाचं सांगते. या पुटकुळ्या कुणाला लागत नाहीत. त्या कांजिण्या नव्हेत, खरूज नव्हे, आणि देवी तर नव्हेतच. देवीचा रोग जगातून गेला हे १९८० सालीच जाहीर झालं. हे गोळीमुळे उठलेलं पुरळ आहे, त्यात दुसऱ्याला देण्यासारखं काही नाही. कॅन्सरही शेजारी झोपून लागत नाही. मुलाला आज रात्रीच आजीकडे परत पाठवा. आठ दिवस तो का येत नाही हे त्या विचारत नसतील, पण त्यांना ते कळलेलं असणार.

त्या सहा गोळ्या मात्र मुलाच्या हाताला लागणार नाहीत अशा उंचावर ठेवा. चार वर्षांच्या पोराला सुपारीची डबी म्हणजे खेळणंच. आणि राहिलेला डोस भरून काढायचा म्हणून दोन गोळ्या एकदम देऊ नका. आजच जिथे उपचार चालू आहेत तिथे फोन करा आणि सरळ सांगा : अंगावर पुरळ आहे, सहा दिवस गोळी घेतलेली नाही, उद्याची द्यायची का? पुढच्या तारखेची वाट बघू नका. आणि जाल तेव्हा ती डबीही सोबत न्या.

डॉक्टर रागावतील ही भीती मला कळते. ओपीडीत दोनशे माणसं रांगेत असताना आपल्या वाट्याला चार मिनिटं येतात आणि त्यात आपलीच चूक सांगायची, जीभ अडतेच. पण विचार करा, त्यांना जर वाटत राहिलं की बाई रोज गोळी घेताहेत, आणि पुढच्या स्कॅनमध्ये गाठ तेवढीच दिसली, तर ते काय समजतील? औषध लागू पडलं नाही, असं. मग चालणारं औषध बदललं जाईल. म्हणून हे सांगणं फार गरजेचं आहे. पुरळ असह्य असेल तर काही दिवस गोळी थांबवणं, १५०ची १०० करणं, हे त्यांच्याकडचे नेहमीचे मार्ग आहेत. फक्त ते त्यांनी ठरवायचे, आणि डबीत नव्हे तर कागदावर लिहून ठरवायचे.

आता हे होतं कसं, ते जरा निवांत सांगते. सासूबाईंना नीट समजावलंत तर अर्धं काम होईल असं मला मनापासून वाटतं. कारण त्यांच्या डोक्यात आत्ता दोनच गोष्टी असणार : एक तर हा रोग अंगावर फुटला, नाहीतर आपल्या हातून काही पाप घडलं. दोन्ही खोटं आहे.

चाळीच्या जिन्याखाली मांजर व्याली की पिल्लांचे डोळे बंद असतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. आठ-दहा दिवसांनी ते उघडतात. उंदराच्या पिल्लांचे उघडायला साधारण बारा ते चौदा दिवस लागतात. १९५०च्या दशकात अमेरिकेत स्टॅनली कोहेन नावाचे जीवरसायनशास्त्रज्ञ रिटा लेव्ही-मोन्ताल्चिनी यांच्याबरोबर मज्जातंतूंच्या वाढीवर काम करत होते. उंदराच्या लाळग्रंथींचा अर्क ते नवजात पिल्लांना टोचत. अपेक्षा होती मज्जातंतूंची. पण कोहेन यांना भलतंच दिसलं : या पिल्लांचे डोळे सातव्या दिवसाच्या आसपासच उघडत होते, पुढचे दातही लवकर फुटत होते. दुसऱ्या कुणी ते वहीत एका ओळीत टिपून सोडून दिलं असतं. कोहेन यांनी त्या अर्कातून पापण्या उघडणारं प्रथिन वेगळं काढलं आणि १९६२ मध्ये ते प्रसिद्ध केलं. त्यालाच पुढे एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, म्हणजे कातडीच्या वरच्या थराला वाढवणारा घटक, ईजीएफ, हे नाव मिळालं. १९८६ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं.

मला ही गोष्ट फार आवडते, कारण पापणीसुद्धा कातडीच आहे. पोटात असताना ती जुळते, मग वेळ आली की सुटते, आणि हे ‘आता वाढ’, ‘आता सरक’, ‘आता थांब’ असे निरोप पेशी एकमेकींना देतात म्हणून घडतं. ईजीएफ हा त्यातला एक निरोप. निरोप द्यायला त्याला पेशीच्या आत शिरावं लागत नाही. पेशीच्या अंगावर त्याच्यासाठी एक घंटा आहे, ती तो वाजवतो. त्या घंटेचं नाव ईजीएफआर. तुमच्या कागदावर लिहिलेलं ते हेच.

आपल्या कातडीच्या वरच्या थरात सगळ्यात खाली एक ओळ असते, नव्या पेशी तिथेच जन्मतात. त्या हळूहळू वर सरकतात, कठीण होतात आणि महिनाभरात मळासारख्या झडून जातात. खालच्या त्या ओळीतल्या पेशींवर ईजीएफआरच्या घंटा दाट असतात. केसांच्या मुळांवर आणि तेलग्रंथींवरही असतात. खरचटलं तर कडेच्या पेशींनी सरकत येऊन जखम झाकायची, हे कामही याच घंटेवर बरंचसं चालतं. ज्या उंदरांमध्ये ही घंटाच नाही असे उंदीर १९९५ मध्ये प्रयोगशाळांत तयार झाले. त्यांच्या पापण्या पोटात कधी जुळल्याच नाहीत, पिल्लं उघड्या डोळ्यांनी जन्मली; कातडी पातळ, मिशा वाकड्या. उलट बाजूनेही घोळ होतो. सोरायसिसच्या चट्ट्यात याच घंटेला वाजवणारे निरोप जास्त सापडतात आणि पेशी घाईघाईने वाढून पापुद्रे धरतात. कमी झालं तरी त्रास आणि जास्त झालं तरी त्रास, अशी ही नाजूक गोष्ट आहे.

सासूबाईंच्या फुप्फुसात काय झालं? एका पेशीतल्या या घंटेचं बटण आत अडकून बसलं. बोट कुणाचंच नाही, तरी घंटा वाजतेय, आणि पेशी आज्ञाधारकपणे वाढत सुटली. हा बदल जन्मतः आलेला नसतो, बहुतेकदा तो पुढे आयुष्यात त्या एका ठिकाणी घडतो. तंबाखू कधी न घेतलेल्या माणसांमध्ये, आशियातल्या लोकांत आणि बायकांत तो जास्त सापडतो, हे २००४ पासून जगाला माहीत आहे. तेव्हा ‘मशेरी नाही लावली तरी असं का’ या प्रश्नाचं उत्तर, निदान थोडं तरी, इथे आहे. त्यांच्या हातून काही चुकलेलं नाही, हे त्यांना याच शब्दांत सांगा. माझ्याकडे आलेल्या अशा बायकांना हेच वाक्य मी दोनदा सांगते, कारण पहिल्यांदा त्या ऐकतच नाहीत.

एर्लोटिनिब काय करते? त्या अडकलेल्या घंटेची वायर आतून तोडते. घंटा गप्प, पेशीची वाढ थांबते. पण गोळी पोटातून रक्तात जाते आणि रक्त सगळीकडे जातं. इमारतीत एका खोलीची बेल अडकली म्हणून मजल्याचा फ्यूजच काढावा, तसं होतं. कातडी काही चूक करत नव्हती, तिची घंटा रोजच्या कामासाठी वाजत होती, तीही बंद पडते. मग खालच्या ओळीतल्या पेशी वाढायच्या थांबतात, वेळेआधीच पिकतात, वरचा थर पातळ होतो, ओलावा टिकत नाही. आणि त्या गांगरलेल्या पेशी धोक्याची सूचना देतात, ती ऐकून रक्तातल्या पांढऱ्या पेशी केसांच्या मुळाशी गर्दी करतात. तो पू तुम्हाला दिसतो, पण सुरुवातीला त्यात जंतू नसतात.

म्हणून चेहरा, डोकं, छाती : जिथे तेलग्रंथी जास्त, तिथे. भिंग घेऊन बघितलं तर यात आणि तारुण्यातल्या मुरुमांत एक फरक दिसतो, मुरुमांत काळी-पांढरी टोकं असतात, यात नसतात. लालसर, टोकाला पिवळट, बोट लावलं की दुखणारी, खाजणारी. दोन-चार आठवड्यांत हे सगळ्यात जोरात असतं आणि मग ओसरायला लागतं. एर्लोटिनिबच्या सुरुवातीच्या एका मोठ्या अभ्यासात गोळी घेणाऱ्या दर चार जणांपैकी तिघांना पुरळ आलं होतं. म्हणजे सासूबाई काही निराळ्या नाहीत. ज्यांना पुरळ आलं त्यांना औषधाचा गुणही अधिक आला, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. आत्याबाईंचं ‘उष्णता बाहेर पडतेय’ हे खरं नाही, पण औषध कातडीपर्यंत पोचतंय याची ती खूण आहे, एवढं त्यांना सांगायला हरकत नाही. फक्त हेही सांगा की पुरळ ओसरलं म्हणजे गुण थांबला असं नव्हे. नाहीतर पुढच्या महिन्यात चेहरा साफ झाला की घरात वेगळीच काळजी सुरू व्हायची.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी, ही औषधं नवी होती तेव्हा, एका गृहस्थांना मी मुरुमांसाठीचं बेंझॉयल पेरॉक्साइडचं मलम लिहून दिलं होतं. दिसत मुरुमांसारखंच होतं. ते दुसऱ्या गोळीविषयी बोलले, मी नीट ऐकलं नाही. आठवड्याने आले तेव्हा गाल सोलून निघाले होते, आणि त्यांनी कॅन्सरची गोळीही चार दिवस घेतली नव्हती, त्या मलमाच्या आगीला ते गोळीचाच दोष समजले होते. त्या दिवसापासून चेहऱ्यावर पुरळ घेऊन कुणीही आलं तरी मी आधी औषधांची पिशवी टेबलावर ओतायला सांगते.

म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते, मुरुमांचं कोणतंही मलम लावू नका. लिंबू नको, हळद-बेसन नको, उटणं नको, कडुलिंबाच्या पाल्याने घासणं तर नकोच. पाला दाराला बांधलात तर माझी काही तक्रार नाही, तो अंगाला लावू नका. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने दिलेली ‘सगळ्यावर चालते’ ती ट्यूबही नको. त्यात बहुतेक वेळा तेज स्टिरॉइड असतं आणि चेहऱ्याची पातळ झालेली कातडी ते आणखी पातळ करतं. आमच्या आजीच्या काळी सकाळी उठल्या उठल्या तोंडातली थुंकी पुटकुळीला लावायचे. लाळेत ईजीएफ खरंच असतं, कोहेन यांना ते सापडलं लाळग्रंथीतच. पण तोंडातले जंतूही लाळेतच असतात, आणि सासूबाईंच्या कातडीची कुंपणभिंत आत्ता पडकी आहे. तेव्हा तेही नको.

आंघोळ कोमट पाण्याने, थोडक्यात. बादलीत वाफा येणारं पाणी त्यांना आवडत असेल, तरी काही महिने ते सोडावं लागेल. खरखरीत साबणाऐवजी बिनवासाचं सौम्य क्लिन्झर. पंच्याने पुसायचं नाही, नुसतं टिपायचं, आणि अंग दमट आहे तोवर बिनवासाचं घट्ट मॉइश्चरायझर, दिवसातून दोनदा. खोबरेल हातापायांना चालेल, चेहऱ्यावरच्या पुटकुळ्यांवर नको. उन्हाने हे पुरळ भडकतं, म्हणून गॅलरीत बसायचं झालं तरी सनस्क्रीन, बाहेर जाताना छत्री. टिकलीच्या मागचा गोंद सध्या टाळा. कपाळावर त्या जागी पुटकुळी नसेल तर कुंकवाचं बोट टेकवू द्या, पण तेही झोपताना पाण्याने हलकेच उतरवायचं. ही बारीकसारीक गोष्ट मी मुद्दाम लिहितेय, कारण टिकली लावू नका असं नुसतं सांगितलं की आपल्याकडच्या बायकांच्या मनात काय येतं ते मला माहीत आहे.

डॉक्टरांना दोन औषधांविषयी जरूर विचारा : चेहऱ्यासाठी १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन, आणि पोटातून डॉक्सिसायक्लिन. ही दुसरी तुमच्या ओळखीची असणार. हिंदमाताला पाणी भरलं आणि त्यातून चालत घरी आलो की लेप्टोच्या, म्हणजे साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाच्या, भीतीने पालिकेच्या दवाखान्यात जी देतात, तीच. इथे ती जंतू मारण्यापेक्षा दाह शमवायला दिली जाते. ईजीएफआरच रोखणाऱ्या दुसऱ्या एका औषधाच्या, पॅनिट्यूमुमॅबच्या, रुग्णांमध्ये २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका गटाला पुरळ येण्याआधीपासूनच मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, हायड्रोकॉर्टिसोन आणि डॉक्सिसायक्लिन सहा आठवडे दिलं, दुसऱ्या गटाला पुरळ आल्यावर. मध्यम ते तीव्र त्रास पहिल्या गटात २९ टक्के रुग्णांना झाला, दुसऱ्यात ६२ टक्के. एवढा फरक साध्या, स्वस्त गोष्टींनी पडतो. डॉक्सिसायक्लिनची गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत जळजळते.

गोळीच्या वेळेबद्दलही विचारते, कारण पत्रात ते नाही. एर्लोटिनिब रिकाम्या पोटी घ्यायची असते, जेवणाच्या एक तास आधी किंवा दोन तासांनंतर. आणि आपल्या घरात ६४ वर्षांच्या बाईच्या उशाशी पित्ताची गोळी नसेल असं होत नाही. पोटातलं आम्ल कमी झालं की एर्लोटिनिब नीट शोषली जात नाही. सकाळी दोन्ही गोळ्या एकाच घोटात जात असतील तर हे डॉक्टरांना सांगाच, पित्तासाठी काय आणि कधी घ्यायचं ते तेच ठरवतील.

पुढचे काही महिने काय दिसू शकतं तेही सांगून ठेवते, म्हणजे घाबरायला होणार नाही. पुरळ ओसरल्यावर कातडी कोरडी पडते, बोटांच्या टोकांना आणि टाचांना चिरा जातात. चिंच कोळणं, मिरच्या चिरणं, भांडी घासणं हे तेवढे दिवस दुसऱ्या कुणीतरी करावं. रात्री पेट्रोलियम जेली चोपडून सुती मोजे. नखांच्या कडा सुजतात, विशेषतः अंगठ्यांच्या. नखं सरळ कापा, चप्पल सैल घ्या, जोडवी रुतत असतील तर काढून ठेवू द्या. पावसाळ्यात भेगा पडलेल्या पायांनी साचलेल्या पाण्यातून त्यांना अजिबात चालवू नका. लेप्टोचे जंतू नेमके अशाच चिरांतून शिरतात. डोक्यावरचे केस थोडे कुरळे, भरड होतील. आणि पापण्यांचे केस लांब वाढतील, वळतील. हो, परत पापण्याच. कोहेन यांच्या उंदरांपासून ही घंटा पापण्यांना सोडायला तयार नाही. ते केस उपटू नका. डोळ्यात टोचायला लागले, डोळा लाल झाला किंवा दुखला, तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

काही गोष्टींना मात्र थांबायचं नाही. ताप, पुरळावर पिवळी खपली किंवा घाण वास, कातडीवर पाण्याचे फोड, तोंडात चट्टे, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा पातळ जुलाब (आतड्याच्या अस्तरालाही हीच घंटा लागते), यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालयात कळवा. आणि अचानक धाप लागली किंवा खोकला वाढला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी तडक निघा. क्वचित या गोळीने फुप्फुसालाच सूज येते, तिथे तासांचा प्रश्न असतो.

सिरमचं. नणंदेचा हेतू चांगला आहे, तिचं मन दुखवू नका. पण बाटलीवर नुसतं ‘ग्रोथ फॅक्टर’ लिहिलेलं असतं, त्यात कोणता निरोप आहे, किती आहे, कातडीत किती शिरणार, काहीच कळत नाही. एकीकडे गोळी देऊन एक घंटा गप्प करायची आणि दुसरीकडे बाटलीतून कुठलीशी घंटा वाजवायची, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी माझ्या घरात तरी करणार नाही. बाटली बंद ठेवा.

एवढं करूनही सासूबाईंना ही गोळी नकोच वाटली, तर? तेही बोलण्याजोगं आहे. या रोगात एकच वाट नसते. तुमच्या घरापासून जवळच, परळच्या टाटा मेमोरियलमध्ये, ईजीएफआरमध्ये बदल असलेल्या ३५० रुग्णांवर झालेला अभ्यास २०२० मध्ये छापून आला. एर्लोटिनिबच्याच कुळातल्या गेफिटिनिबबरोबर केमोथेरपी दिली, तर रोग आटोक्यात राहण्याचा काळ साधारण आठ महिन्यांवरून सोळावर गेला. त्रासही वाढला, हेही त्यात प्रामाणिकपणे नोंदलं आहे. याच घंटेवर चालणारी, कातडीला तुलनेने कमी छळणारी नवी औषधंही आहेत. कुठली त्यांना योग्य, परवडेल का, हे त्यांच्या डॉक्टरांशी बसून ठरवायचं. पण त्या बोलण्यात सासूबाई स्वतः असायला हव्यात. नुसतं ‘आई, गोळी घ्या’ म्हणून पाण्याचा पेला पुढे करू नका. ‘असं तोंड घेऊन जगण्यापेक्षा’ हे वाक्य त्यांनी अर्धं सोडलंय. ते पूर्ण करायला त्यांना वेळ द्या. मुलगा शाळेत आणि घरातले कामावर गेले असतील अशी दुपार बघा, शेजारी बसा, मॉइश्चरायझर तुम्ही स्वतः त्यांच्या पाठीला, मानेला लावा. आठ दिवस सगळे ज्या कातडीपासून लांब सरकलेत तिला कुणीतरी हात लावतंय, हे त्यांना कळू दे. मग विचारा. जीवच नकोसा झालाय असं त्या म्हणाल्या, झोप-जेवण उडालेलं असलं, तर तेही डॉक्टरांना तितक्याच स्पष्टपणे सांगा. मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत मनाचे डॉक्टर असतात, त्यांच्याकडे चिठ्ठी मागा.

राहिलं भजनी मंडळ. या गुरुवारी नाही जमलं तर पुढच्या गुरुवारी, पण जाताना तुम्ही बरोबर जा. त्या दोघीजणींनी विचारण्याआधीच सांगा : ‘आईंना गोळीचं पुरळ आलंय, लागत नाही, माझा पोरगा त्यांच्याच कुशीत झोपतो.’ आणि सासूबाईंच्या अगदी जवळ, त्यांच्या मांडीला मांडी लावून बसा.